‘सेहानदो’मधलं घर वाकडं का आहे? कोरियन विद्वानांच्या शाईचित्रांबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. किम जॉंग-ही यांचं ‘सेहानदो’ हे शाईचित्र कोरियात राष्ट्रीय ठेवा मानलं जातं. त्यात एक झोपडीवजा घर आणि चार झाडं एवढंच आहे, आणि त्या घराचं यथार्थदर्शनही चुकलेलं आहे. मग एवढं कौतुक कशाचं? ही हौशी विद्वानांची कला असेल तर तिच्यात कौशल्य मोजायचं कशावर? ती इथे राहून शिकता येईल का, आणि ऑनलाइन विकायला येणारं एखादं जुनं चित्र घ्यावं का?

मी ही चित्रं काढते आणि शिकवते, त्यामुळे उत्तर कुंचला धरणाऱ्याच्या बाजूने देते.

घरापासून सुरुवात करू. होय, ते चुकलेलं आहे. भिंतीतल्या गोल दाराची जाडी ज्या कोनातून दिसते, त्या कोनातून घराची बाजू आणि छप्पर तसं दिसूच शकत नाही. दोहोंचं जमवून घ्यायला किम यांना अवघड नव्हतं, पण ते त्यांच्या लेखी महत्त्वाचंच नव्हतं. चित्र छापील प्रतीत किंवा फोनवर पाहिलं की नजर घराच्या आकारावर जाते. मोठ्या केलेल्या प्रतिमेत रेघ बघा. शाई घट्ट आहे आणि कुंचला जवळजवळ कोरडा. असा कुंचला कागदावरून ओढला की रेघ सलग उमटत नाही, मधेमधे कागदाचं पांढरं उघडं राहतं. ओली शाई पसरते आणि हाताचा थरकाप पोटात घालते. कोरडी रेघ मात्र सगळी चुगली करते: हात कुठे रेंगाळला, कुठे दाब वाढला, कुठे दम संपला. त्या म्हाताऱ्या पाइनच्या खोडावरून नजर हळूहळू वर नेली, तर शंकेची एकही जागा सापडत नाही. ज्याला घर सरळ काढता येत नाही अशा माणसाची ती रेघ नव्हे.

दुसरी गोष्ट छापील प्रतीत हमखास कापली जाते. हे सुटं चित्र नाही, ते एका पत्राचा भाग आहे.

किम जॉंग-ही (१७८६–१८५६) हे कोरियातल्या जोसॉन राजवटीच्या काळातल्या बड्या घराण्यातले. ‘चुसा’ या टोपणनावाने कोरियात शाळकरी मुलंही त्यांना ओळखतात. चोविशीच्या आसपास वडिलांबरोबर राजदूतांच्या ताफ्यातून ते बीजिंगला गेले आणि तिथल्या वंग फांगगांग, र्वान युआन अशा नामांकित विद्वानांशी त्यांनी जन्माची मैत्री जोडली. जुन्या शिलालेखांचा नाद तिथून पक्का झाला. १८१६ मध्ये सोलजवळच्या बुखानसान डोंगरावरचा शिलालेख सहाव्या शतकातल्या सिल्ला या जुन्या कोरियन राज्याच्या जिनह्युंग राजाचा आहे, हे त्यांनी शोधून काढलं. पुढे दरबारी राजकारणात त्यांचा गट हरला आणि १८४० मध्ये त्यांना जेजू बेटावर, देजॉंग इथे हद्दपार केलं गेलं. शिक्षा अशी की राहत्या घराभोवती काटेरी झुडपांचं कुंपण, आणि त्याच्या आतच राहायचं. १८४२ मध्ये पत्नी वारली. ती बातमी समुद्र ओलांडून पोहोचेपर्यंत ते तिला पत्रं लिहीतच होते.

पडत्या काळात माणसं कशी पांगतात ते सांगायला नको. पांगला नाही तो ई सांग-जॉक, त्यांचा शिष्य. हा दुभाष्या होता, म्हणजे उमरावांच्या खालच्या, मधल्या वर्गातला. कामानिमित्त त्याचं बीजिंगला जाणं-येणं असे. तिथे मिळणारी दुर्मीळ पुस्तकं तो दरबारातल्या एखाद्या वजनदार माणसाला देऊन स्वतःचं भलं करून घेऊ शकला असता. त्याने ती जेजूला पाठवली. एका वर्षी तर १२० खंडांचा एक प्रचंड ग्रंथसंग्रहच. १८४४ मध्ये किम यांनी त्याच्यासाठी ‘सेहानदो’ काढलं.

गुंडाळी उजवीकडून उलगडायची. आधी चित्राचं नाव आणि ‘उसॉन, हे पाहा’ अशी हाक. उसॉन हे सांग-जॉकचं टोपणनाव. मग चित्र. मग डावीकडे आखलेल्या चौकटींत, एकेक अक्षर घोटून लिहिलेला मजकूर. जग सत्तेच्या आणि फायद्याच्या मागे धावत असताना तू ही पुस्तकं समुद्रापलीकडच्या एका वाळून गेलेल्या म्हाताऱ्याकडे पाठवलीस, असं त्यात म्हटलं आहे. शिवाय कन्फ्यूशियसचं वचन आहे: थंडी पडल्यावरच कळतं की पाइन आणि सायप्रस सगळ्यांच्या शेवटी कोमेजतात. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटा लाल शिक्का आहे. त्याचा अर्थ, दीर्घकाळ एकमेकांना विसरू नये.

आता घर परत बघा. मजकुराची अक्षरं चौकटीत कवायतीला उभी असल्यासारखी काटेकोर, आणि शेजारी हे मोडकं, कोरडं, अर्ध्यात सोडल्यासारखं चित्र. दोन्ही एकाच हातचं, एकाच बैठकीतल्या मनाचं. हा विरोध जाणूनबुजून आहे, असं माझं मत. नुसतं चित्र कापून भिंतीवर लावलं की तो नाहीसा होतो आणि मग ‘हे तर लहान मुलानेही काढलं असतं’ म्हणायला आपण मोकळे.

सांग-जॉकने ती गुंडाळी बीजिंगला नेली. तिथल्या १६ चिनी विद्वानांनी तिच्यावर आपले अभिप्राय लिहून दिले. पुढे कोरियन लेखकांनीही भर घातली. मूळ चित्र जेमतेम ७० सेंटिमीटर रुंद, पण जोडत जोडत गुंडाळी १४ मीटरच्या पुढे गेली. आपल्याला हे विचित्र वाटतं, कारण चित्रावर दुसऱ्याने लिहिणं म्हणजे ते खराब करणं असं आपण शिकलोय. इथे लिहिणाऱ्यांमुळे चित्र मोठं होत जातं. विसाव्या शतकात ते फुजित्सुका चिकाशी या जपानी अभ्यासकाकडे गेलं, त्यांच्याबरोबर टोकियोला गेलं. १९४४ मध्ये ऐन युद्धात सोन जे-ह्यॉंग हे कोरियन सुलेखनकार तिथे जाऊन थडकले आणि आजारी फुजित्सुकांच्या घरी खेटे घालत राहिले. शेवटी फुजित्सुकांनी पैसे न घेता चित्र दिलं. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग जळाला. पुढे आणखी हात बदलून २०२० मध्ये सोन चांग-गुन या संग्राहकाने ते सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दान केलं.

आता ‘हौशी’ या शब्दाबद्दल. विद्वानांनी रिकाम्या वेळात मनासाठी चित्रं काढली, पैशासाठी नाही, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे. उरलेल्या अर्ध्यात वर्गाची घमेंड आहे. राजदरबाराचं चित्रकलेचं खातं होतं, दोह्वासॉ. तिथले चित्रकार राजाची चित्रं, मिरवणुका, समारंभ हुकमाप्रमाणे काढत. ते कारागीर, आणि उमराव-विद्वान म्हणजे सज्जन, अशी विभागणी होती. पंधराव्या शतकातले कांग ही-आन लिहिण्यात आणि चित्रांत दोन्हीत पटाईत होते, पण कुणी काही मागितलं तर देत नसत. ही हलकी विद्या आहे, मागे राहिली तर नावाला बट्टा लागेल, असं त्यांचं म्हणणं. अठराव्या शतकातले कांग से-ह्वांग (१७१३–१७९१) तर किम होंग-दोसारख्या चित्रकाराचे गुरू. राजा यंगजोने त्यांना काळजीपोटी सुचवलं, चांगली चित्रं काढतोस हे फार सांगू नकोस, लोक कमी लेखतील. तेवढ्यावरून या माणसाने कितीतरी वर्षं कुंचला बाजूला ठेवला. १७८२ मध्ये, कोरियन मोजणीने सत्तरीत, त्यांनी स्वतःचं चित्र काढलं: डोक्यावर दरबारी टोपी, अंगात मात्र घरचा साधा झगा. वर कवितेत स्वतःच लिहिलंय की मन रानात आणि नाव दरबाराच्या यादीत. त्या चित्रातला मिश्कीलपणा मला फार आवडतो.

घमेंडीचं सगळ्यात ठळक उदाहरण खुद्द किम यांचंच. मुलाला लिहिलेल्या पत्रात ते ऑर्किडबद्दल सांगतात की ते चित्राच्या रीतीने काढू नये, ते जुन्या लिपीच्या वळणाच्या जवळचं आहे. पोटात अक्षरांचा गंध आणि पुस्तकांची ऊर्जा असल्याशिवाय कुंचला उचलू नये. इथवर ठीक. पुढे म्हणतात, जो ही-र्योंगसारखे लोक माझ्याकडे शिकले, पण त्यांच्या पोटात ती अक्षरंच नसल्याने चित्रकाराच्या रीतीतून सुटले नाहीत. जो ही-र्योंग (१७८९–१८६६) मधल्या वर्गातला. सोलच्या कानसोंग संग्रहालयातलं त्याचं एक चित्र आहे, प्लमच्या फुलोऱ्यात बुडालेल्या अभ्यासाच्या खोपटाचं. बर्फ पडतोय की फुलं, हे काही क्षण कळत नाही, आणि मधे पुस्तकासमोर बसलेला एवढासा माणूस. ज्याने हे काढलं त्याच्या पोटात काही नव्हतं, हे मला तरी मान्य नाही. आणि गंमत पाहा, १८५१ मध्ये किम यांच्यावर दुसऱ्यांदा हद्दपारी आली, तेव्हा त्यांचा माणूस म्हणून जो ही-र्योंगलाही एका बेटावर पाठवलं गेलं.

तरीही, घमेंड बाजूला काढली तर त्या पत्रातलं तंत्राचं म्हणणं अचूक आहे, आणि कौशल्य कशावर मोजायचं याचं उत्तर तिथेच मिळतं. पाकिटावरचं अक्षर पाहून आपण पत्र कुणाचं ते उघडण्याआधी ओळखतो. या चित्रांकडे त्या नजरेने बघायचं असतं. या माणसांनी पाच-सहा वर्षांच्या वयापासून रोज कुंचल्याने लिहिलेलं. आयुष्यात शाई घासायचे दहा दगड झिजवून भोकं पाडली आणि हजार कुंचले बोथट केले, असं किम यांनीच एका मित्राला लिहिलं होतं. आकडा थोडा सजवलेला असेल, पण त्यांची रेघ पाहिल्यावर मी हुज्जत घालणार नाही. म्हणजे हौस चित्राची, आणि सराव लिहिण्याचा, तोही कुठल्याही व्यावसायिकाइतका कडक.

ऑर्किडची पानं काढून बघितल्याशिवाय हे कळत नाही. पहिलं पान एका झटक्यात, मुळाकडून टोकाकडे. सुरुवातीला टोक किंचित मागे वळवून दडवायचं, मग दाब, मग सोडणं, परत दाब, परत सोडणं आणि शेवट उंदराच्या शेपटीसारखा बारीक. मधल्या या वळणांवर किम यांचा सगळा भर: पानाने तीनदा कूस बदलली पाहिजे. दुसरं पान पहिल्याला छेदून जातं आणि दोघांच्या मधे डोळ्याच्या आकाराची फट राहते. तिला फिनिक्सचा डोळा म्हणतात. तिसरं पान त्या डोळ्यातून आरपार जातं. पाच-सहा पानांत जागा, वारा, झुडपाचं वय सगळं आलं पाहिजे. आणि इथे खोडरबर नाही. कच्च्या हानजीवर, म्हणजे कोरियन हातकागदावर, शाई टेकताच तंतूंत शिरते. त्याच रेघेवरून पुन्हा कुंचला फिरवला तर दुसरा थर वेगळा दिसतो आणि डागडुजी जन्मभर ओरडत राहते.

किम यांचंच एक ऑर्किड सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, सोन चांग-गुन यांनीच आधी, २०१८ मध्ये दिलेलं. चित्रावरच त्यांनी कविता लिहिलीय: वीस वर्षं ऑर्किड काढलं नाही, आज सहज हातून उतरलं. पुढे लिहिलंय की ते मुळात दालजुन नावाच्या पोरासाठी काढलं. त्याच्याही पुढे, बारीक अक्षरांत, की ओ सोसान या शिष्याने पाहिलं आणि ओरबाडून नेलं, हसू येतं. गंभीर झेन कविता आणि ही घरगुती तक्रार एकाच कागदावर. पानं विस्कटलेली, एका बाजूला झुकलेली, जुन्या लिपीतल्या अक्षरांसारखी खरबरीत. तिथे कुठली रेघ पानाची आणि कुठली अक्षराची, हे सांगणं कठीण होतं.

हीच कसोटी बाकीच्यांना लावून पाहा. ई जॉंग (१५५४–१६२६) हे सेजोंग राजाच्या वंशातले, बांबूचे सर्वांत मोठे चित्रकार. १५९२ च्या जपानी स्वारीत तलवारीचा वार उजव्या हातावर बसला. हात बरा झाला आणि १५९४ मध्ये त्यांनी काळ्या रेशमावर सोन्याच्या शाईने बांबू, प्लम, ऑर्किड काढून एक संग्रह बांधला. तोही आता कानसोंगमध्ये आहे. त्यांचा वाऱ्यातला बांबू तुम्हाला कोरियाच्या ५०,००० वॉनच्या नोटेवर भेटेल. नोटेच्या मागच्या बाजूला ऑ मोंग-र्योंग यांचं चंद्र आणि प्लम, आणि त्याच्या मागे फिकट झुकलेला हा बांबू. पुढच्या बाजूला शिन साइमदांग या सोळाव्या शतकातल्या चित्रकार बाई. नोटेची छपाई बारीक असली तरी बांबूच्या पेरांमधे कुंचला उचलल्याची फट दिसते.

मिन यंग-इक (१८६०–१९१४) यांचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. कोरियाच्या राणीच्या नात्यातले, पुढे शांघायला परागंदा झालेले. त्यांची ऑर्किडं मुळं उघडी टाकून, मातीविना काढलेली असतात. चीनमध्ये सोंग राजवट बुडाल्यावर जंग सीश्याओ यांनी अशी काढली होती. जमीनच राहिली नाही तर झाड लावायचं कुठे, हा त्याचा अर्थ सगळ्या वाचणाऱ्यांना ठाऊक होता. कोरिया १९१० मध्ये जपानने गिळला. म्हणून ही सगळी चिनी नक्कल आहे का, या शंकेला मी फार वेळ देत नाही. शब्दसंग्रह चीनचा आहे, ते स्वतःही नाकारत नाहीत. त्यात काय बोलायचं ते त्यांचं त्यांनी ठरवलं.

आता शिकण्याचं. रेखाटन चांगलं असण्याची गरज नाही. उलट ज्यांचा पेन्सिलचा हात तयार असतो ते आधी बाह्यरेषा शोधतात आणि अडकतात. सुरुवातीचे काही महिने फक्त रेघा: आडव्या, उभ्या, गोल. कुंचला उभा, मनगट आणि कोपर टेबलापासून वर, टोक रेघेच्या मधोमध. खांद्यातून हात हलायला लागला की मग ऑर्किड, त्यानंतर बांबू. प्लम आणि शेवंती नंतर. ही चार मिळून सागुन्जा, म्हणजे चार सज्जन. मराठी मुलांना एक अडचण हमखास येते. बॉलपेनने लिहायची सवय असल्याने दाब कायम एकसारखा पडतो. जुना बोरू किंवा कट-निबने देवनागरी घोटलेली माणसं इथे लवकर रुळतात, पण कुंचल्याचं वर-खाली त्यांनाही नव्याने शिकावं लागतं.

सामानात पैसे कुठे घालावेत? कुंचल्यात. बकरीच्या केसांचा, पाणी धरणारा, टोक नीट जुळणारा एक मध्यम कुंचला पुरतो. शाईची कांडी काजळी आणि सरस यांची असते. पाइनच्या काजळीची शाई निळसर थंड, तेलाच्या काजळीची जरा तकतकीत काळी. बाटलीतली शाई सरावाला चालेल, पण तिच्यात फिक्या छटा मरगळलेल्या येतात, आणि या चित्रांत निम्मं काम फिक्या शाईचंच असतं. दगडावर थेंब थेंब पाणी घेऊन, न दाबता, सावकाश घासायचं. कांडी ओली ठेवू नका, पुसून ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात, कोकणात तर विशेष, सरसाला बुरशी धरते आणि नंतर उन्हाळ्यात कांडी तडकते. दगडावर शाई वाळू देऊ नका, रोज धुवा.

कागदाची खरी पंचाईत आहे. हानजी दाक नावाच्या तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून होतो, तंतू लांब आणि चिवट. आपला सुती चिंध्यांचा हातकागद सुंदर असतो, पण बहुधा त्याला खळ दिलेली असते; शाई वर बसते, आत शिरत नाही. नेपाळी लोक्ता त्यापेक्षा जवळचा आहे, थोडा खडबडीत. सरावाला जुनी वर्तमानपत्रं वापरा, कोरियातही वापरतात. आणि जुलै-ऑगस्टमध्ये रेघ अचानक फुगायला लागली तर हाताला दोष देऊ नका. कागदाने हवेतली ओल प्यायलेली असते. अशा वेळी कुंचला आणखी कोरडा करा किंवा कागद आधी इस्त्रीने शेकून घ्या.

कोरियाला जाणार असाल तर ‘सेहानदो’ पाहायला मिळेलच असं धरू नका. कागदावरची शाई सतत उजेडात ठेवत नाहीत, त्यामुळे प्रदर्शनाच्या तारखा आधी बघा. जेजूला देजॉंगमध्ये जिथे किम हद्दपारीत राहिले तिथे त्यांचं संग्रहालय आहे. वास्तुरचनाकाराने इमारत मुद्दाम ‘सेहानदो’तल्या घरासारखी केली. गावकरी तिला बटाट्याचं गोदाम म्हणतात, असं ऐकून किम खुश झाले असते असं मला वाटतं.

विकत घेण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका. ऑनलाइन सगळ्यात जास्त दिसतात ती ह्युंगसॉन देवॉनगुन यांच्या नावाची ऑर्किडं. हे गोजोंग राजाचे वडील, काही वर्षं देशाचे खरे कारभारी, आणि ऑर्किड किम यांच्याकडूनच शिकलेले. सत्ताधीशाच्या हातचं चित्र प्रत्येकाला हवं होतं, त्यामुळे त्यांच्या हयातीतच दुसऱ्यांकडून काढून घेतलेली चित्रं त्यांच्या शिक्क्याने बाहेर पडली, आणि नंतर बनावटीला तर मोकळं रान मिळालं. शिक्का खरा असला म्हणून चित्र त्यांचं ठरत नाही. मूळ खरेदीची साखळी आणि जाणकाराचा लेखी निर्वाळा नसेल तर ते पैसे कुंचल्यात आणि कागदात घाला. तरी मोह आवरत नसेल, तर विक्रेत्याकडून पानांच्या टोकांचे जवळून घेतलेले फोटो मागवा. नक्कल करणारा पान सावकाश काढतो, आणि सावकाश काढलेलं पान टोकाशी निमुळतं होण्याऐवजी बोथट थांबतं.